तिरळेपणाच्या ऑपरेशननंतर मुलांना उलट्या का होतात, आणि त्या आधीच कशा टाळता येतात

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी सात वर्षांची, दोन्ही डोळ्यांच्या तिरळेपणाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात पूर्ण भुलीखाली होणार, आणि तुम्हाला स्वतःला लहानपणी ह्याच ऑपरेशननंतर रात्रभर उलट्या झालेल्या अजून आठवतात. तुम्ही विचारलंय की घरून निघतानाच उलटीची गोळी दिली तर चालेल का, आदल्या संध्याकाळपासून पाणीसुद्धा बंद केलं तर पोट रिकामं राहून उलटी टळेल का, आणि उलटी झालीच तर डोळ्याचे टाके तुटतील का. मी भूलतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं डोळ्याच्या ऑपरेशनांना भूल देतेय, आणि हेच तीन प्रश्न मला सगळ्यात जास्त आई-वडील विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तरं देते म्हणजे तुमचा जीव थोडा भांड्यात पडेल. गोळी स्वतःहून देऊ नका. ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा जास्त उपाशी ठेवू नका, त्याने उलट त्रास वाढतो. आणि तिरळेपणाच्या ऑपरेशनचे टाके साध्या उलटीने तुटत नाहीत. पण खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीय, की हा त्रास तुम्हाला स्वतःला झाला होता. ही गोष्ट तुमच्या मुलीच्या भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधी कळली तर बरंच काही करता येतं आणि रात्री उलट्या सुरू झाल्यावर कळली तर फार थोडं.

का ते सांगते. डोळ्याची ऑपरेशन्स सगळी सारखी नसतात. थेंब टाकून किंवा बाजूला इंजेक्शन देऊन केलेल्या मोतीबिंदूनंतर मळमळ क्वचितच होते. तिरळेपणाचं ऑपरेशन मात्र मुलांना सर्वात जास्त उलट्या होणाऱ्या ऑपरेशनांपैकी एक आहे, आधीच औषध दिलं नाही तर अर्ध्याहून जास्त मुलांना होतात. ह्यात डॉक्टर डोळ्याचे बाहेरचे स्नायू पकडतात, ओढतात, मागे-पुढे सरकवून शिवतात. हे स्नायू ओढले की चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसेतून निरोप मेंदूत जातो आणि तिथून व्हेगस नावाच्या नसेतून हृदयाकडे येतो, त्याने हार्ट रेट एकदम पडू शकतो. १९०८ साली आश्नर आणि दाग्निनी अशा दोघांनी ही प्रतिक्रिया वेगवेगळी नोंदवली होती आणि आम्ही ती आजही दर आठवड्याला मॉनिटरवर बघतो, मी सर्जनना "जरा सोडा" म्हणते, ते स्नायू सोडतात, काही सेकंदांत हार्ट रेट परत वर येतो. व्हेगस पोटापर्यंत जाते आणि उलटीचं केंद्रही मेंदूच्या त्याच भागात जवळच आहे, त्यामुळे ह्याच वाटेने उलटीचाही निरोप जात असावा असं आमच्यातले बरेच जण मानतात. पण हृदय मंदावू नये म्हणून अट्रोपिन दिलं की उलटीही टळते असं मात्र होत नाही, म्हणजे मामला एवढा सरळ नाहीये. त्यात ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांचं चित्र नव्या कोनात जुळायचं असतं, काही मुलांना थोडा वेळ दोन-दोन दिसतं, आणि दोन दिसत असताना डोकं हलवलं की गाडी लागल्यासारखं होतं. वर भुलीचा गॅस, दुखण्यावरची जड औषधं, उपाशी पोट, भीती. इतक्या सगळ्या कारणांवर एकच गोळी पुरी पडत नाही.

मुलांसाठी आम्ही एक सोपा हिशोब वापरतो, २००४ साली तो आला. चार गोष्टी बघायच्या: वय तीन किंवा जास्त आहे का, ऑपरेशन अर्धा तास किंवा जास्त चालणार का, ऑपरेशन तिरळेपणाचं आहे का, आणि मुलाला स्वतःला किंवा आई, वडील, भावंडं ह्यांच्यापैकी कोणाला असा त्रास झालाय का. ह्यातलं काहीच नसेल तर धोका साधारण ९ टक्के, दोन गोष्टी असतील तर ३०, तीन असतील तर ५५, चारही असतील तर ७० टक्क्यांच्या आसपास. तुमच्या मुलीच्या बाबतीत बहुतेक चारही लागू होतात, दोन्ही डोळे म्हणजे अर्धा तास होतोच. हे आकडे बघून घाबरू नका, आधीच काही औषध दिलेलं नाही अशा मुलांचे आहेत हे. आम्ही ते मोजतो ते मुलीला किती औषधं एकत्र द्यायची हे ठरवायला. आणि बघा, ह्या चारपैकी तीन गोष्टी मला फाइल बघून कळतात, चौथी फक्त तुम्ही सांगितली तरच कळते. गाडी लागते का, तेही सांगा, ते ह्या चारात नाहीये पण मी प्रत्येकाला विचारते, कारण प्रवासात ज्याला मळमळतं त्याला भुलीनंतरही मळमळायची शक्यता जास्त असते. मोठ्या माणसांचा हिशोब वेगळा आहे, तिथे बाई असणं, सिगारेट न ओढणं, आधीचा त्रास किंवा गाडी लागणं आणि ऑपरेशननंतर मॉर्फिनच्या जातीचं दुखण्यावरचं जड औषध लागणं ह्या चार गोष्टी धरतात.

आता आम्ही नक्की काय करतो. अशा मुलीला मी उलटी टाळणारी निदान दोन वेगवेगळ्या जातीची औषधं सलाईनमधून देते. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे, त्याचा परिणाम सावकाश चढतो आणि जवळपास दिवसभर टिकतो, म्हणून ते सुरुवातीलाच, मुलगी झोपल्यावर देते, जागेपणी भर्रकन दिलं तर खालच्या भागात जळजळ किंवा खाज सुटते आणि मूल घाबरून जातं. स्टेरॉइड म्हटलं की आई-वडिलांच्या कपाळावर आठ्या येतात, मला कळतं ते, पण हा एकच डोस असतो, महिनोन्महिने घ्यायच्या गोळ्यांची भीती त्याला लावू नका. मुलाला डायबिटीस असेल तर मात्र सांगा, साखर एखादा दिवस वर जाते. दुसरं ऑनडेनसेट्रॉन, ते ऑपरेशन संपत आल्यावर देते कारण त्याचा जोर काही तासच असतो. ते देण्याआधी मला एक विचारायचं असतं, घरात कोणाला हृदयाच्या ठोक्यांचा जन्मजात आजार आहे का, किंवा कोणी तरुणपणी अचानक गेलंय का, कारण हे औषध ईसीजीतलं एक अंतर थोडं लांबवतं आणि अशा माणसात त्याने ठोके बिघडू शकतात.

दोन औषधं कशाला असं विचाराल तर, मोठ्या माणसांवर पाच हजारांहून जास्त पेशंट घेऊन एक मोठा अभ्यास झाला होता, २००४ सालीच छापून आला, त्यात दिसलं की अशी औषधं एकेकटी साधारण चौथा हिस्सा धोका कमी करतात आणि प्रत्येक पुढचं औषध उरलेल्या धोक्यातला तेवढाच हिस्सा आणखी काढतं. म्हणजे ७० वरून ५२ च्या आसपास, मग ३९ च्या आसपास, असं पायरी-पायरीने. मुलांचे आकडे हुबेहूब असेच येतील असं नाही पण विचार तोच, एकाच औषधाचा डोस वाढवत बसण्यापेक्षा वेगवेगळ्या वाटांनी थोडं थोडं कमी करायचं.

औषधांइतकंच महत्त्व भूल कशी देतो ह्याला आहे. भुलीच्या गॅसने उलट्या वाढतात, नायट्रस ऑक्साइडनेही (लाफिंग गॅस) वाढतात, म्हणून जास्त धोक्याच्या मुलांना मी गॅसवर झोपवलं तरी पुढे प्रोपोफॉल ह्या शिरेतून द्यायच्या भुलीच्या औषधाच्या ड्रिपवर ठेवते. ह्याची एक दुसरी बाजू आहे जी मी लपवणार नाही, प्रोपोफॉलवर असताना स्नायू ओढल्यावर हृदय जास्त वेळा मंदावतं, त्यामुळे मॉनिटरवर डोळा आणि हाताशी अट्रोपिन लागतं. काही सहकारी ह्याच कारणाने गॅसच पसंत करतात आणि उलटीची औषधं जास्त देतात. तुमच्या डॉक्टरांनी गॅस निवडला तर चुकलं असं समजू नका, ते टेबलावरच्या मुलावर आणि स्वतःच्या सवयीच्या पद्धतीवर अवलंबून आहे. मला विचाराल तर मॉर्फिनच्या जातीची औषधं शक्य तितकी टाळणं हा सगळ्यात मोठा फायदा आहे. पॅरासिटामॉल, चालत असेल तर सूज कमी करणारं वेदनाशामक, आणि डोळ्याच्या बाजूच्या पातळ आवरणाखाली बधीर करणारं औषध, जे मूल झोपलेलं असतानाच देतात, एवढ्यावर बहुतेक मुलं आरामात उठतात. ह्या स्थानिक बधिरतेने स्नायू ओढल्याचा निरोपही अडतो, त्यामुळे उलट्याही कमी होतात. शिवाय सलाईन थोडं सढळ हाताने, कारण कोरडं पडलेलं मूल जास्त ओकतं.

त्यावरून उपाशी ठेवण्याचा मुद्दा. ऑपरेशनआधी पोट रिकामं हवं ते भुलीत पोटातलं फुप्फुसात जाऊ नये म्हणून, नंतरची उलटी टळावी म्हणून नाही. सगळीकडे साधारण नियम असा की जेवण सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, बऱ्याच ठिकाणी तर आता मुलांना एक तास आधीपर्यंत पाणी देतात. नेमकी वेळ तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तीच पाळायची, माझी नाही. पण "जितकं जास्त तितकं चांगलं" असं समजून आदल्या संध्याकाळपासून मूल कोरडं ठेवलं तर सकाळी ते चिडचिडं, थकलेलं, तोंड सुकलेलं येतं, शीर सापडत नाही, आणि पोट रिकामं असून नंतर कोरड्या ओकाऱ्या काढत राहतं. आदल्या दिवशी विचारून ठेवा की यादीत तिचा नंबर कितवा आणि शेवटचं पाणी नक्की किती वाजता द्यायचं, आणि नंबर पुढे ढकलला गेला तर सिस्टरना परत विचारा की अजून पाणी देऊ का.

गोळीचं. तुम्ही सकाळी घरी ऑनडेनसेट्रॉन दिलं, ऑपरेशन दुपारी झालं, तर गरज असते तेव्हा त्याचा जोर ओसरलेला असतो. आणि तुम्ही दिलंय हे मला माहीत नसेल तर मी परत देईन, डोस वजनावर ठरतो आणि दोन डोस जवळजवळ पडतील. उलटी झाल्यावरही आम्ही सहा तासांच्या आत त्याच जातीचं औषध परत देत नाही, फारसा उपयोग होत नाही, दुसऱ्या जातीचं देतो. म्हणून काय दिलं आणि किती वाजता हे एकाच माणसाच्या हातात असावं लागतं. गाडी लागण्यावरची झोप आणणारी औषधं तर अजिबात नकोत, त्यातलं प्रोमेथाझिन तर दोन वर्षांखालच्या मुलांना श्वास मंदावत असल्यामुळे देतच नाहीत, आणि मोठ्या मुलातही भुलीची गुंगी आणि ह्या औषधाची गुंगी एकावर एक चढते. मनगटावरच्या दाबबिंदूचं विचारतात लोक, ते करायला हरकत नाही. मनगटाच्या घडीपासून मुलीच्याच तीन बोटांएवढं वर, मधल्या दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या मध्ये हलका दाब द्यायचा, अभ्यासांमध्ये त्याचा थोडाफार उपयोग दिसलाय आणि तोटा काही नाही, फक्त औषधांच्या ऐवजी नको.

एक प्रसंग सांगते, माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला. आठ-नऊ वर्षांचा मुलगा, तिरळेपणाचंच ऑपरेशन, भुलीतून छान उठला, मळमळ नव्हती. तिथे तेव्हा असा नियम होता की काहीतरी पिऊन पोटात टिकलं की मगच घरी सोडायचं. त्याला प्यायचं नव्हतं, तो मान हलवत होता, तरी सिस्टरनी आणि आईने मिळून अर्धा ग्लास पाजला, मीही उभी होते आणि थांबवलं नाही. दहा मिनिटांत सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही, शेवटी रात्रभर सलाईनवर ठेवावं लागलं. त्या मुलाचा पांढरा पडलेला चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. त्यानंतर मी कधीही कोणत्याही मुलाला पिण्याची सक्ती करू दिलेली नाही. सलाईन गेलेलं असतं, तीन-चार तास काही प्यायलं नाही तर बिघडत नाही, तहान लागली की ते स्वतः मागतं आणि मग एक-एक घोट द्यायचा. तुमच्या मुलीला कोणी आग्रह करायला लागलं तर तुम्ही नम्रपणे "ती मागेल तेव्हा देते" म्हणा.

तसंच एकदम उठवून बसवायचं नाही. डोळे मिटून पडू द्या, मोबाइल-टीव्ही नको, उजेड कमी ठेवा, घरी जाताना गाडी सावकाश आणि डोकं टेकवून ठेवा, मळमळत असेल तर निघायची घाई करू नका. दवाखान्यात ठीक असलेली बरीच मुलं गाडीत किंवा घरी पोचल्यावर ओकतात, तेव्हा पिशवी हाताशी असू द्या आणि एखाद-दुसऱ्या उलटीने हबकून जाऊ नका.

टाक्यांचं आता. तिरळेपणात डोळा आतून उघडलेला नसतो, स्नायू डोळ्याच्या पांढऱ्या कवचावर बाहेरून शिवलेला असतो, त्यामुळे ओकारीच्या जोराने तो सुटून येत नाही. डोळा जास्त लाल दिसेल, पापणी सुजेल, उलटीनंतर पांढऱ्या भागात रक्ताचा डाग मोठा दिसेल, ते भीतीदायक दिसतं पण आपोआप जातं. जिथे डोळा आतून उघडतात, म्हणजे काचबिंदूचं ऑपरेशन, बुबुळ बदलणं, डोळा फुटलेला शिवणं, तिथे मात्र उलटीची आम्हाला खरी भीती असते. डोळ्यातलं प्रेशर साधारण १० ते २१ मिलिमीटर असतं, जोरात ओकारी किंवा खोकला आला की त्यात क्षणभर ४० पर्यंत भर पडू शकते, आणि नाजूक डोळ्यात त्याने आत रक्तस्राव होऊ शकतो किंवा जखम उघडू शकते.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी मोठ्या माणसाचं पडद्याचं किंवा काचबिंदूचं ऑपरेशन असेल तर एक गोष्ट कृपया लक्षात ठेवा. अशा ऑपरेशननंतर डोळा खूप दुखतोय, त्याच बाजूचं डोकं ठणकतंय, दिसायला कमी झालंय आणि सोबत उलट्या आहेत, तर ती भुलीची उलटी समजून गोळी देऊन झोपवू नका. डोळ्यातलं प्रेशर चढलं की नेमकं असंच होतं आणि तिथे प्रेशर उतरवणं हाच उपाय, तोही लगेच. माझ्याच एका पेशंटच्या वेळी रात्री फोनवर कोणीतरी उलटीचं औषध सांगून टाकलं होतं आणि सकाळपर्यंत वेळ गेला, तेव्हापासून मी उलटीचा फोन आला की पहिला प्रश्न "डोळा किती दुखतोय" हाच विचारते. दुसरीकडे, प्रेशर उतरवायला देतात त्या डायमॉक्सच्या गोळीनेही मळमळ होते, हातापायाला मुंग्या येतात, म्हणजे काही वेळा औषधच कारण असतं, पण हे ठरवायचं डॉक्टरांनी डोळा तपासून, आपण घरी बसून नाही. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरला असेल तर तो विरेपर्यंत कुठल्याही दुसऱ्या ऑपरेशनला किंवा दाताच्या कामाला जाताना आधी सांगा, नायट्रस ऑक्साइडने तो गॅस फुगतो. कानामागे लावायची मळमळीची पट्टी काचबिंदूच्या एका प्रकारात धोक्याची असते, आणि पट्टीचा हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होते, म्हणून डोळ्याच्या पेशंटना मी ती देत नाही. आणि वजन किंवा साखर कमी करायची आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं कोणी घेत असेल तर तेही भूलतज्ज्ञांना सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं.

परत तुमच्या मुलीकडे येते. घरी दुखण्यासाठी पॅरासिटामॉल सांगितलेल्या वेळेला नियमित द्या, खूप दुखेपर्यंत थांबू नका कारण दुखण्यानेही उलटी होते. कोडीन आणि ट्रॅमाडॉल बारा वर्षांखालच्या मुलांना नकोच, कोणी लिहून दिलं तर परत विचारा. थेंब टाकल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटं हलका दाबून धरा, नाहीतर थेंब घशात उतरून कडू लागतं आणि त्यानेही मुलं उमासे काढतात, फक्त डोळा दुखरा असेल तेव्हा किती दाबायचं हे सिस्टरकडून हाताने शिकून घ्या. पट्टी असेल तर थेंब कधीपासून तेही विचारा.

डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ लिहून मागा, उलटीची कोणती औषधं दिली आणि किती वाजता. रात्री दुसऱ्याच डॉक्टरांशी बोलायची वेळ आली तर ह्या एका ओळीने पुढचं औषध ठरतं. लगेच फोन करायचा तो उलट्या थांबतच नसतील आणि घोटभर पाणीही टिकत नसेल, सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, उलटीत रक्त किंवा हिरवं दिसलं, हाक मारून नीट जागी होत नसेल, किंवा डोळा औषध देऊनही वाढत्या जोराने दुखत असेल तर.

शेवटी तुम्ही विचारलंय की रात्री तिच्याजवळ झोपू का. हो, झोपा. तिला कुशीवर झोपवा, म्हणजे झोपेत उलटी झाली तरी बाहेर पडेल, आणि पाणी पाजायला मुद्दाम उठवू नका. आणि ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ भेटतील तेव्हा पहिल्याच मिनिटाला सांगा, "मला स्वतःला ह्याच ऑपरेशननंतर रात्रभर उलट्या झाल्या होत्या."